क्युसेक आणि दुतोंड्या मारुती: गणिती मॉडेलिंग स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये दोन प्रश्न एकापाठोपाठ येतात. "किती सोडलंय?" आणि "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" पहिल्याचं उत्तर क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी) असतं, दुसऱ्याचं गुडघा, कंबर, छाती, गळा असं. मारुती म्हणजे गोदावरीच्या पात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पुराचं पाणी तिच्या कुठपर्यंत चढलं यावरून नाशिककर पूर मोजतात. गोदाकाठचा जुना दुकानदार पहिला आकडा ऐकून दुसरं उत्तर अंदाजाने सांगतो आणि त्यावरून माल वरच्या फळीवर चढवायचा की नाही ते ठरवतो. त्याने कागदावर काही मांडलेलं नसतं. पण तो जे करतो ते गणिती मॉडेलच आहे. एक आकडा आत जातो, दुसरा बाहेर येतो आणि मधल्या पन्नास गोष्टी त्याने अनुभवाने बाजूला ठेवलेल्या असतात.

मी नाशिकमध्ये महाविद्यालयात गणित शिकवते आणि काही वर्षांपासून विद्यार्थ्यांचे संघ मॉडेलिंग स्पर्धांसाठी तयार करते. दर वर्षी नवी मुलं येतात आणि विचारतात, "मॅडम, यात नेमकं करायचं काय असतं?" त्यांना तुकड्यातुकड्याने जे सांगते ते इथे एकत्र लिहिते आहे. शाळेतल्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

स्पर्धा कोणती, कोणासाठी

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सगळ्यांत जुनी आणि मोठी मॉडेलिंग स्पर्धा म्हणजे एमसीएम (मॅथेमॅटिकल कॉन्टेस्ट इन मॉडेलिंग). अमेरिकेतली कोमॅप ही संस्था १९८५ पासून ती घेते. १९९९ मध्ये तिच्या जोडीला आयसीएम (इंटरडिसिप्लिनरी कॉन्टेस्ट इन मॉडेलिंग) आली. दोन्ही एकाच वेळी होतात, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. एका संघात जास्तीत जास्त तीन विद्यार्थी, तेही एकाच संस्थेतले. परीक्षा केंद्र नाही, पर्यवेक्षक नाही. प्रश्न संकेतस्थळावर येतात, सहापैकी एक निवडायचा आणि चार दिवसांत जास्तीत जास्त २५ पानांचा अहवाल इंग्रजीत लिहून पाठवायचा.

सहा प्रश्नांना ए ते एफ अशी अक्षरं असतात. ए मध्ये पाणी, उष्णता, लोकसंख्या अशा सतत बदलणाऱ्या राशी असतात, बी मध्ये सुट्या सुट्या गोष्टींची मांडणी, सी मध्ये मोठी आकडेवारी. डी जाळ्यांचा (नेटवर्कचा) आणि नियोजनाचा, ई पर्यावरणाचा, एफ सरकारी धोरणाचा. पहिले तीन एमसीएमचे, पुढचे तीन आयसीएमचे.

प्रश्न कसे असतात ते दोन उदाहरणांवरून कळेल. २०१६ मध्ये विचारलं होतं की टबमधलं आंघोळीचं पाणी हळूहळू गार होतं, नळ थोडा सोडून ते सगळीकडे सारखं गरम कसं ठेवाल, आणि तेही फार पाणी वाया न घालवता? २०१७ मध्ये आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवरचं करिबा धरण होतं. ते काढून त्याऐवजी दहा ते वीस छोटी धरणं बांधायची झाली तर किती आणि कुठे? दोन्ही प्रश्नांना 'बरोबर उत्तर' असं काही नाही. टबचा प्रश्न तर बादलीने आंघोळ करणाऱ्यालाही लगेच समजतो.

शाळेतल्या मुलांसाठी कोमॅपचीच हायएमसीएम आहे. ती नोव्हेंबरमध्ये होते, संघात चारपर्यंत मुलं आणि मुदत दोन आठवड्यांची. आयएमएमसी ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१५ पासून शाळकरी मुलांसाठी आहे. तिथेही संघ चार जणांपर्यंत, पण काम सलग पाच दिवसांत संपवायचं.

नावनोंदणी तुमची तुम्हाला करता येत नाही, ती सल्लागार शिक्षकाने करायची असते. एमसीएमची फी संघामागे १०० डॉलर आहे. म्हणून ऑगस्टमध्ये पहिलं काम हेच करा: गणिताचे असोत, संगणकाचे असोत की अर्थशास्त्राचे, एक शिक्षक तयार करा आणि फीचं काय ते कॉलेजला विचारून ठेवा. "याचे गुण किती?" असा प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जाईल. गुण नाहीत, हे स्वच्छ सांगा. त्या वर्षीची नियमावली कोमॅपच्या संकेतस्थळावरून उतरवून तिघांनीही वाचा, एकाने वाचून दोघांना सांगायची नाही.

वर्गातलं गणित आणि हे गणित

पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात जेवढी माहिती दिलेली असते तेवढी सगळी लागते, आणि लागते तेवढी सगळी दिलेली असते. बारा-पंधरा वर्षं आपण याच सवयीत वाढतो. एखादा आकडा वापरायचा राहिला की वाटतं, कुठेतरी चुकलं. मॉडेलिंगमध्ये या सवयीचा काही उपयोग नाही. तिथे निम्मी माहिती निरुपयोगी असते आणि जी हवी ती नसते. काय सोडायचं, काय धरायचं हे तुम्हीच ठरवायचं आणि ते का ठरवलं हेही लिहायचं. जे धरलं त्याला गृहीतक म्हणतात. माझ्या मते ही स्पर्धा मुळात गृहीतकांचीच आहे, समीकरणं त्यानंतर येतात.

मुलांना भीती वाटते ती उलटी. "आम्हाला डिफरन्शियल इक्वेशन्स नीट येत नाहीत, जमेल का?" मी त्यांना आपल्या देवळालीचे द. रा. कापरेकर सांगते. १९३० ते १९६२ ते तिथे शाळेत शिकवत होते, आणि १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांना सापडला तो निव्वळ वजाबाकीतून. चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून छोटी वजा करा, पुन्हा तेच करा. चारही अंक सारखे नसतील तर सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते. कापरेकर मॉडेलिंग करत नव्हते, पण साधन साधं असलं तरी प्रश्न खोल असू शकतो हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. बेरीज, टक्केवारी, आलेख आणि थोडं एक्सेल एवढ्यावर पहिलं मॉडेल उभं राहतं. आता तेच करून बघू.

सरावाचं पहिलं गणित: कांदा कधी विकायचा

माझ्या संघांना मी पहिला प्रश्न हाच देते, कारण निफाड, येवला, चांदवड, देवळ्याकडची मुलं वर्गात असतातच आणि त्यांच्या घरी हा प्रश्न दर उन्हाळ्यात पडतो. उन्हाळ कांदा मार्च ते मे काढला, चाळीत (कांदा साठवायच्या छपरात) भरला. आता लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात न्यायचा कधी? थांबलं तर भाव वाढण्याची आशा असते, पण चाळीतला कांदा सुकतो, सडतो, त्याला मोड येतात.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा. "१०० क्विंटल कांदा कोणत्या महिन्यात विकला तर सगळ्यांत जास्त पैसे मिळतील?" एवढंच. "शेतकऱ्याचं उत्पन्न कसं वाढवावं" असं लिहिलंत तर चार दिवस पुरणार नाहीत.

दुसरी पायरी: गृहीतकं. सरावासाठी आपण तीन धरू. मेमध्ये भाव क्विंटलला १,२०० रुपये. दर महिन्याला भाव १५० रुपयांनी वाढतो. चाळीत जेवढा कांदा आहे त्यातला ८ टक्के दर महिन्याला कमी होतो. हे आकडे मी धरलेले आहेत, कुठल्या वर्षीचे खरे नाहीत. खऱ्या कामात बाजार समितीचे भाव घ्यायचे. आणि काय सोडलं तेही लिहा: वाहतूक, हमाली, चाळीचा खर्च, कांद्याची प्रतवारी, गोल्टीचा (बारीक कांद्याचा) वेगळा भाव.

तिसरी पायरी: गणित. उरलेला माल गुणिले भाव. मेमध्ये १०० गुणिले १,२०० म्हणजे १,२०,००० रुपये. जूनमध्ये ९२ क्विंटल उरला, भाव १,३५०, म्हणजे १,२४,२००. जुलैत सुमारे १,२६,९६०, ऑगस्टमध्ये १,२८,४८०, सप्टेंबरमध्ये १,२८,९५०. ऑक्टोबरमध्ये रक्कम पुन्हा १,२८,५२० वर उतरते. म्हणजे उत्तर सप्टेंबर.

हे असं का झालं, तेही बघा. १०० चे ९२ झाले तर तेवढेच पैसे मिळायला भाव जवळपास ८.७ टक्क्यांनी वाढावा लागतो. सुरुवातीला १,२०० वर १५० म्हणजे १२.५ टक्के वाढ आहे, म्हणून थांबणं परवडतं. सप्टेंबरनंतर १,८०० वर १५० म्हणजे ८.३ टक्केच होते, तिथे थांबणं अंगावर येतं. कॅल्क्युलसशिवाय तुम्ही कमाल बिंदू शोधला.

बहुतेक नवे संघ इथे थांबतात आणि खुश होतात. खरं काम इथून पुढे सुरू होतं.

चौथी पायरी: आकडा हलवून बघा. घट ८ ऐवजी १२ टक्के धरा. जूनमध्ये १,१८,८०० येतात, मेपेक्षा कमी. म्हणजे आजच विका. आता ५ टक्के धरा. मॉडेल म्हणतं पुढच्या मेपर्यंत थांबा! वर्षभर चाळीत ठेवलेल्या कांद्याचं काय होतं ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. मॉडेल चुकलेलं नाही, ते त्याच्या हद्दीबाहेर गेलं. पहिले चार-पाच महिने घट सारखी धरता येईल, पुढे मोड फुटायला लागल्यावर ती वाढत जाते. ही हद्द अहवालात लिहिली की परीक्षकाला कळतं की तुम्हाला तुमचं मॉडेल समजलंय.

आणि या तीन उत्तरांतून एक गोष्ट उघड झाली. सगळा निर्णय घटीच्या टक्क्यावर टांगलेला आहे. म्हणजे भावाचा अंदाज बांधण्यात चार दिवस घालवण्याआधी घटीचा आकडा पक्का करा. हवेशीर चाळ बांधली तर काय फरक पडतो, हा पुढचा प्रश्न आपोआप हातात येतो.

पाचवी पायरी: उत्तराकडे माणसासारखं बघा. ८ टक्क्यांच्या तक्त्यात जुलै आणि सप्टेंबर यांत फरक फक्त दोन हजार रुपयांचा आहे, सव्वा लाखावर. दोन महिने जोखीम घेऊन दोन हजार. आणि जोखीम केवढी? २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. त्या वर्षी भाव वाढेल म्हणून थांबलेल्यांच्या गणितात हे कुठेच नव्हतं. तेव्हा 'सप्टेंबर' हे उत्तर गणिताने बरोबर असलं तरी अहवालात मी लिहीन की जुलै ते ऑक्टोबर रक्कम जवळपास सपाट आहे, म्हणून माल टप्प्याटप्प्याने विकावा.

सहावी पायरी: जाणत्याला दाखवा. एका मुलीने हा तक्ता निफाडला तिच्या काकांना दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि विचारलं, "मृग लागल्यावर बियाणं-खताला पैसे लागतात, ते यात कुठंय?" बरोबरच होतं. शेतकऱ्याला जूनमध्ये रोकड लागते, त्यामुळे १०० क्विंटल एकदम रोखून ठेवणं त्याच्या हातातच नाही. मग त्या संघाने मॉडेल बदललं: जूनमध्ये गरजेपुरता माल विकायचा, बाकीच्यासाठी महिना शोधायचा. काकांच्या त्या एका प्रश्नाने मॉडेल जेवढं सुधारलं तेवढं माझ्या तीन तासांनी सुधारलं नव्हतं.

हे मात्र सरावातच चालतं. स्पर्धा सुरू झाली की संघाबाहेरच्या कोणाशीही प्रश्नाबद्दल बोलायचं नाही, सल्लागाराशीसुद्धा नाही. पुस्तकं, लेख, आकडेवारी, संकेतस्थळं वापरायला मुभा आहे, फक्त कुठून घेतलं ते नोंदवायचं. कोणी बघत नाही म्हणून हा नियम मोडू नका. चार दिवस तिघांनी मिळून अडकायचं आणि तिघांनीच सुटायचं, एवढ्यासाठीच तर ही स्पर्धा आहे.

आणखी दोन सराव, इथलेच

पाण्यापासून सुरुवात केली होती, तर तेच घेऊ. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणून १०,००० क्युसेक दिवसभर सोडलं तर ८६४ दशलक्ष घनफूट पाणी जातं, आणि वरून थेंबही आला नाही तर भरलेलं धरण साडेसहा दिवसांत रिकामं होईल. एवढं गणित पाचवीचं मूल करेल. मॉडेल म्हणून पुढचा प्रश्न घ्या: पावसाळ्यात धरण किती टक्के भरलेलं ठेवावं? जास्त भरलं तर मोठा पाऊस आल्यावर एकदम सोडावं लागतं आणि गोदाकाठ पाण्यात जातो, कमी ठेवलं आणि पाऊस गेला तर उन्हाळ्यात शहराला टंचाई. २००८ आणि २०१६ चे पूर नाशिककरांना आठवत असतील. पुराच्या दिवसांत धरणाचा विसर्ग आणि खाली शहरातल्या होळकर पुलापाशी वाहणारं पाणी असे दोन आकडे बातम्यांत वेगवेगळे येतात, ते वहीत उतरवून ठेवा. मधला फरक म्हणजे धरणाच्या खाली पडलेला पाऊस, आणि तो धरण अडवत नाही.

दुसरा प्रश्न सिंहस्थाचा, म्हणजे नाशिकच्या कुंभमेळ्यातल्या गर्दीचा. २०२७ समोर आहे, त्यामुळे तो आज जिवंत आहे. ४ मीटर रुंद रस्ता, दर चौरस मीटरला २ माणसं, चालण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटर असं धरा. सेकंदाला ४.८ माणसं, तासाला १७,२८० माणसं पुढे जातात. एक लाख लोकांना त्या रस्त्याने जायला पावणेसहा तास लागतील. आता गर्दी दुप्पट केली तर दुप्पट माणसं जातील का? जाणार नाहीत, कारण गर्दी दाटली की वेग पडतो, आणि एका मर्यादेनंतर माणूस स्वतः चालतच नाही, ढकलला जातो. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. या प्रश्नावर काम करताना हे मुलांनी विसरू नये असं मला मनापासून वाटतं. आकडा चुकला तर फक्त गुण जातील अशी ही गोष्ट नाही. २०१५ च्या कुंभाआधी, मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन झालं, म्हणजे कुंभमेळ्यातल्या अडचणींवर तोडगे शोधण्याचा उपक्रम. त्यात नाशिकचाच शाळकरी निलय कुलकर्णी याने पावलं मोजणारी चटई बनवली, जेणेकरून कुठल्या वाटेवर किती माणसं जाताहेत ते कळावं. मॉडेलला लागणारा आकडा कुठेच मिळत नसेल तर तो मोजायचा कसा, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

द्वारका चौकाचे सिग्नल, सिटीलिंकच्या बसचे मार्ग, सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या पाळ्या सुटतानाची वाहतूक... विषय हवे तेवढे आहेत. पण पाच अर्धवट करण्यापेक्षा दोन पूर्ण करा, अहवाल लिहिण्यासकट.

संघ

तीन हुशार गणितवाले एकत्र आले की संघ होत नाही. एक जण गणित मांडणारा, एक जण कोड आणि आकडेवारी हाताळणारा, एक जण लिहिणारा, अशी ढोबळ वाटणी असावी. लिहिणारा सगळ्यांत दुर्लक्षित असतो आणि माझ्या अनुभवात संघ तोच तारतो. त्याला गणित कळलंच पाहिजे, कारण त्याला न कळलेली गोष्ट परीक्षकालाही कळणार नाही. मैत्री असावीच असं नाही, पण "मला हे पटलं नाही" असं एकमेकांना न दुखावता म्हणता आलं पाहिजे. सरावाचा एक शनिवार-रविवार तिघांनी सलग काढा, त्यातच हे समजतं.

इंग्रजीची चिंता करणाऱ्या मुलांना एक सांगणं आहे. फळ्यावर मराठीतच भांडा. विचार ज्या भाषेत पळतो त्याच भाषेत पळू द्या. अहवाल लिहिताना छोटी, सरळ इंग्रजी वाक्यं लिहा. अलंकारिक इंग्रजीने गुण वाढत नाहीत, गोंधळ मात्र वाढतो.

ते चार दिवस

प्रश्न अमेरिकेत गुरुवारी संध्याकाळी पाचला खुले होतात, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेतीन. गेल्या काही वर्षांची हीच वेळ आहे. साडेतीनला उठून बसण्यात काही शौर्य नाही. सहापर्यंत झोपा, चहा घ्या, मग सहाही प्रश्न कागदावर छापून तिघांनी वेगवेगळे वाचा. दुपारी बारापर्यंत प्रश्न ठरलाच पाहिजे. निवडताना सोपा कोणता हे बघू नका. कोणत्या प्रश्नाची पहिली तीन गृहीतकं तुम्हाला लगेच सुचतात ते बघा, आणि त्यासाठी आकडे मिळतील का तेही.

शुक्रवारी झोपण्याआधी एक कच्चं उत्तर हातात हवं. कांद्याच्या तक्त्याइतकं कच्चं. या एका गोष्टीवर मी अडून बसते. आमचा पहिला संघ शुक्रवार आणि शनिवार 'योग्य पद्धत' शोधत राहिला. रविवारी एक भारी मॉडेल निवडलं, सोमवारी दुपारपर्यंत त्याचा कोड चालेना, आणि शेवटी बारा पानांचा अहवाल गेला, त्यात निकालाचा एकही आलेख नव्हता. चूक माझीही होती. मी त्यांना पद्धती शिकवल्या होत्या, पण पहिल्या रात्री काहीतरी उभं करायला शिकवलं नव्हतं. कच्चं उत्तर हाती असलं की पुढचे तीन दिवस ते सुधारण्यात जातात, आणि कधीही थांबावं लागलं तरी पाठवण्यासारखं काहीतरी असतं.

शनिवारी कच्च्या मॉडेलमधलं सगळ्यांत लटपटं गृहीतक शोधा आणि तेच सुधारा, एकच. लेखन शनिवारीच सुरू करा: प्रश्नाची मांडणी, गृहीतकं, चिन्हांचा तक्ता. रविवारी आकडे हलवून बघा आणि मर्यादा लिहा. सोमवारी नवं काही सुरू करायचं नाही, कितीही चांगलं सुचलं तरी. आपल्याकडे मंगळवारी सकाळी मुदत संपते, पण अहवाल सोमवारी रात्रीच तयार ठेवा. वीज जाते, नेट जातं, फाइल चुकीची चढते. पानांवर तुमचं, शिक्षकांचं किंवा कॉलेजचं नाव कुठेही नको, फक्त संघाचा क्रमांक. फाइलच्या नावातही तेच. रोज रात्री किमान सहा तास झोप, हाही नियमच समजा.

पहिलं पान

अहवालाचं पहिलं पान म्हणजे सारांश. परीक्षक आधी तेच वाचतात आणि पुढचं किती लक्ष देऊन वाचायचं ते तिथेच ठरतं. म्हणून ते शेवटी लिहा आणि चार-पाच वेळा लिहा. "आम्ही कांदा साठवणुकीचा सखोल अभ्यास करून एक प्रभावी मॉडेल तयार केलं आहे" या वाक्यातून काहीच कळत नाही. याउलट: "महिन्याला ८ टक्के घट आणि १५० रुपये भाववाढ धरल्यास सप्टेंबरमध्ये विक्री सर्वांत फायद्याची ठरते, मात्र जुलैच्या तुलनेत फायदा २ टक्क्यांहूनही कमी आहे. घट १२ टक्के झाल्यास लगेच विकणं योग्य." दोन वाक्यांत गृहीतक, निकाल, त्याची मर्यादा, सगळं आलं. सारांशात आकडा नसेल तर तो सारांश झाला नाही असं समजा.

साधनांबद्दल थोडक्यात. एक्सेल किंवा गुगल शीट्स पुरतं, पायथन येत असेल तर उत्तम. अहवालासाठी लेटेक (समीकरणांसकट मजकूर नीट मांडणारी संगणकप्रणाली) शिकून घ्या, तीन आठवड्यांत हात बसतो. एआयची साधनं वापरायला कोमॅपची मनाई नाही, पण कुठे आणि कशासाठी वापरली त्याची नोंद अहवालाला जोडावी लागते. माझं मत असं की कोडमधली चूक शोधायला आणि इंग्रजी तपासायला ती वापरा, गृहीतकं मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. ती फार चटकन आणि फार आत्मविश्वासाने मिळतात, आणि ती का धरली हे विचारल्यावर तुमच्याकडे उत्तर नसतं. एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. अस्तित्वातच नसलेले लेख ती बेधडक सांगतात.

निकालात सर्वांत वर आउटस्टँडिंग, मग फायनलिस्ट, मेरिटोरियस, ऑनरेबल मेन्शन आणि सक्सेसफुल पार्टिसिपंट अशा श्रेणी असतात. पहिल्या वर्षी शेवटची श्रेणी मिळाली तर वाईट वाटून घेऊ नका, २५ पानं पूर्ण झाली हेच त्या वर्षीचं काम. निकालानंतर आउटस्टँडिंग ठरलेल्या एखाद्या संघाचा अहवाल मिळवा आणि तुमच्याच प्रश्नावर त्यांनी काय सोडून दिलं ते बघा.

आता सुरुवातीचं काम. या रविवारी तिघं जण भेटा. सार्वजनिक वाचनालयात बसा, नाहीतर कॉलेजच्या रिकाम्या वर्गात. कांद्याचा तक्ता स्वतःच्या हाताने पुन्हा करा, पण लासलगावचे गेल्या वर्षीचे खरे भाव घेऊन. भाव दर महिन्याला सारखा वाढत नाही हे पहिल्या दहा मिनिटांत दिसेल. मग भाववाढीचं गृहीतक बदलायचं की काही महिने वेगळे काढायचे, यावर वाद घाला आणि काय ठरलं ते एका पानात लिहून सल्लागार शिक्षकांच्या टेबलावर ठेवा.